राखीव बाकावरचे गाणे : जॉन फोगर्टी आणि बेसबॉल

जॉन फोगर्टी या अमेरिकी रॉक अँड रोल गायकाचे नाव बेसबॉलशी जोडले गेले ते १९८५च्या आरंभी आलेल्या 'सेंटरफील्ड' या गाण्यामुळे. मेजर लीगच्या भव्य मैदानांपासून शाळकरी मुलांच्या लिटल लीगपर्यंत, सामना सुरू होण्याआधी हे गाणे आजही वाजते. अमेरिकेचा आवडता खेळ आणि अमेरिकेचे आवडते संगीत एकत्र आले, यात नवल ते काय, असे बाहेरून पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात या दोघांचे सूत जुळायला तीसेक वर्षे लागली. तोवर रॉकचे गायक बेसबॉलची मैदाने भाड्याने घेत, तिथे गात आणि निघून जात. खेळावर मनापासून गाणे लिहिण्याची वेळ क्वचितच येई. फोगर्टीने नेमके काय केले हे कळण्यासाठी आधी हा जुना हिशोब पाहावा लागतो.

बेसबॉलला संगीताचे वावडे कधीच नव्हते. 'टेक मी आउट टू द बॉल गेम' हे या खेळाचे जवळजवळ राष्ट्रगीत म्हणावे असे गाणे १९०८चे. शब्द जॅक नॉरवर्थचे आणि चाल अल्बर्ट फॉन टिल्झरची. ते लिहिले तेव्हा नॉरवर्थने मेजर लीगचा एकही सामना पाहिलेला नव्हता. गाण्याच्या लोकप्रियतेत त्याने काही बिघडले नाही. १९४१मध्ये शिकागोच्या रिग्ली फील्डवर ऑर्गन आला आणि मैदानावरचे संगीत हा रोजचा रिवाज होऊ लागला. त्याच वर्षी न्यूयॉर्क यांकीजच्या जो डिमॅजिओने सलग ५६ सामन्यांत किमान एक हिट मारण्याचा विक्रम केला आणि लेस ब्राउनच्या वाद्यवृंदाने त्याच्यावर गाणे काढले.

पुढचा टप्पा अधिक महत्त्वाचा आहे. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि मेजर लीगने कृष्णवर्णीयांसाठी बंद ठेवलेले दार उघडले. दोन वर्षांत बडी जॉन्सनने त्याच्या फटक्यावर गाणे केले. ते काउंट बेसीनेही ध्वनिमुद्रित केले. १९५४मध्ये द ट्रेनियर्स या मंडळींनी न्यूयॉर्क जायंट्सच्या विली मेजवर गाणे काढले. त्यात खुद्द मेजचा आवाज आहे आणि वाद्यवृंदाचे संचालन तरुण क्विन्सी जोन्सचे. ऱ्हिदम अँड ब्लूज या प्रकारातून रॉक अँड रोल जन्माला येत होता, त्याच सुमाराची ही गाणी. म्हणजे बेसबॉलचे या संगीताशी पहिले खरे नाते कृष्णवर्णीय कलावंतांनी जोडले. त्यामागे खेळाच्या आवडीइतकाच आपला माणूस मैदानात दिसल्याचा अभिमान होता.

सेंट लुइसच्या चक बेरीने १९५६मध्ये हा धागा थेट रॉक अँड रोलमध्ये आणला. 'ब्राउन आयड हँडसम मॅन' या त्याच्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात एक फलंदाज चेंडू उंच भिरकावून देतो आणि तळ ओलांडत घराकडे धावतो. गाण्यातला 'तपकिरी डोळ्यांचा' नायक म्हणजे खरे तर तपकिरी कातडीचा नायक, हे तेव्हाच्या श्रोत्यांना समजावून सांगावे लागत नव्हते. त्या फलंदाजात कोणाला रॉबिन्सन दिसला, कोणाला मेज. बेरीने नाव घेतले नाही, आणि ते बरेच झाले. हे कडवे एका अकरा वर्षांच्या पोराच्या डोक्यात पुढे तीस वर्षे राहणार होते.

त्याच काळात रॉकला बेसबॉलचा दुसरा उपयोग सापडला, तो म्हणजे जागा. नाट्यगृहांत गर्दी मावेना, तेव्हा मैदाने भाड्याने घेतली जाऊ लागली. एल्विस प्रेस्लीने ४ जुलै १९५६ रोजी आपल्या मेम्फिस शहरात रसवुड पार्कवर कार्यक्रम केला. हे मेम्फिस चिक्स या संघाचे मैदान. पुढच्या वर्षी १ सप्टेंबरला तो सिएटलच्या सिक्स स्टेडियममध्ये गायला. त्या रात्रीच्या प्रेक्षकांत चौदा वर्षांचा जिमी हेंड्रिक्स होता. एल्विसचा जीव होता तो अमेरिकी फुटबॉलमध्ये. बेसबॉलशी त्याचे नाते प्रामुख्याने भाडेकरूचे. रसवुड पार्क एप्रिल १९६०मध्ये आगीत जळाले.

बीटल्सच्या बाबतीत हाच व्यवहार मोठ्या आकड्यांत झाला. कॅन्सस सिटी अ‍ॅथलेटिक्स संघाचा मालक चार्ली फिन्ली याने १७ सप्टेंबर १९६४च्या एका कार्यक्रमासाठी त्यांना दीड लाख डॉलर मोजले. त्या काळात ही रक्कम अचाट होती. १५ ऑगस्ट १९६५ला न्यूयॉर्क मेट्सच्या शे स्टेडियमवर सुमारे ५५,६०० लोक जमले. मैदानावर निवेदकासाठी लावलेल्या भोंग्यांतून गाणी ऐकू येणे अशक्यच होते, आणि किंकाळ्यांमुळे ती कोणी ऐकलीही नाहीत. २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कवर त्यांनी तिकीट लावलेला आपला शेवटचा कार्यक्रम केला. ते मैदान सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचे, म्हणजेच विली मेजचे.

मैदान एकच असले तरी माणसे वेगळी होती. साठच्या दशकाच्या अखेरीस बेसबॉल हा वडिलांचा खेळ ठरला होता. आखूड केस, राष्ट्रगीत आणि आकडेवारीची पुस्तके यांचा तो खेळ. दुसऱ्या बाजूला लांब केस आणि व्हिएतनाम युद्धाविरुद्धचे मोर्चे होते. १९६८च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेत, डेट्रॉइटला होझे फेलिसियानोने गिटारवर संथ, ब्लूजच्या अंगाने राष्ट्रगीत गायले, तेव्हा प्रेक्षकांच्या एका मोठ्या वर्गाला तो अपमान वाटला. रॉकच्या बाजूनेही फारशी आस्था नव्हती. त्याच वर्षी सायमन आणि गारफंकल यांच्या 'मिसेस रॉबिन्सन'मध्ये जो डिमॅजिओ आला, तो हरवलेल्या काळाची खूण म्हणून. बेसबॉल आठवणीत ठेवावा, खेळू नये, असाच तिथला सूर आहे. डिमॅजिओच्या मृत्यूनंतर एप्रिल १९९९मध्ये पॉल सायमनने यांकी स्टेडियमवर उभे राहून तेच गाणे गायले आणि हिशोब थोडा फिटला.

सत्तरच्या दशकात तुरळक प्रयत्न होत राहिले. बॉब डिलनने १९७५मध्ये कॅटफिश हंटर या पिचरवर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यावर, गाणे ध्वनिमुद्रित केले, पण ते अधिकृतपणे बाहेर आले १९९१मध्ये. मीट लोफने १९७७च्या एका लांबलचक गाण्यात यांकीजचा माजी खेळाडू आणि समालोचक फिल रिझुटो याचे समालोचन वापरले. खेळाचे तळ आणि प्रणयाचे टप्पे यांची तिथली सांगड चावट आहे, आणि तिला बेसबॉलप्रेम म्हणणे धाडसाचे ठरेल. दोन्ही जगांतले अंतर सर्वांत विद्रूप दिसले ते १२ जुलै १९७९ला. शिकागोच्या कॉमिस्की पार्कवर दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत डिस्कोच्या तबकड्या स्फोटाने उडवण्याचा कार्यक्रम ठेवला होता. रॉकवेड्या पोरांचे लोंढे मैदानात घुसले, खेळपट्टीची वाट लागली आणि दुसरा सामना यजमान संघाने गमावला असे जाहीर करावे लागले. टेरी कॅशमनचे १९८१चे 'टॉकिन बेसबॉल' गोड आहे, पण ते मुळात पन्नासच्या दशकातल्या खेळाडूंची आठवण काढणारे लोकगीताच्या ढंगाचे गाणे. १९८४मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीनचे 'ग्लोरी डेज' आले. त्यातला पिचर शाळेतला हिरो आहे आणि आता दारूच्या गुत्त्यात जुन्या गोष्टी सांगतो. गाणे उत्तम आहे. मात्र पिचरच्या वेगवान चेंडूला स्प्रिंगस्टीनने जो शब्द वापरला, तो मैदानावर कोणी वापरत नाही, हे बेसबॉलवाल्यांनी त्याला अजून माफ केलेले नाही. या सगळ्या गाण्यांत एक गोष्ट समान आहे. खेळ भूतकाळात आहे आणि गाणारा बाहेर उभा आहे.

फोगर्टीचा जन्म २८ मे १९४५चा, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचा. वाढला शेजारच्या एल सेरिटोत, सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावर. त्याच्या बालपणी मेजर लीगचा एकही संघ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर नव्हता. तिथे पॅसिफिक कोस्ट लीग होती, आणि तिच्यातल्या सॅन फ्रान्सिस्को सील्सकडूनच डिमॅजिओ पुढे आला होता. तो जन्मलाही जवळच्या मार्टिनेझ गावात. पण खरे मोठे सामने तीन हजार मैलांवर, रेडिओत आणि वर्तमानपत्रात. ते खेळाडू हाडामांसाचे असतील, असे त्या किनाऱ्यावरच्या पोरांना वाटणे कठीणच होते. १९५८मध्ये डॉजर्स लॉस एंजेलिसला आणि जायंट्स सॅन फ्रान्सिस्कोला आले. फोगर्टी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा होता. पुराणातला विली मेज उपसागराच्या पलीकडे राहायला आला. 'सेंटरफील्ड'मधली भक्ती समजून घ्यायची तर या भूगोलापासून सुरुवात करावी लागते. न्यूयॉर्क किंवा शिकागोत वाढलेल्या मुलाने हे गाणे बहुधा वेगळे लिहिले असते. घराजवळचे मैदान आपल्या हक्काचे वाटते आणि त्याच्या तक्रारीही ठाऊक असतात.

थोरला भाऊ टॉम, स्टू कुक आणि डग क्लिफर्ड यांच्यासह फोगर्टीने जो बँड उभा केला, तो क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल. १९६९ या एका वर्षात त्यांनी तीन अल्बम काढले. 'प्राउड मेरी', 'बॅड मून रायझिंग', 'फॉर्च्युनेट सन' ही गाणी त्याच वर्षाची. अमेरिकेच्या एकल गाण्यांच्या यादीत त्यांची पाच गाणी दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचली आणि पहिल्यावर एकही नाही. क्रीडन्सच्या गाण्यांत नद्या, पाऊस, दलदल, सैन्यभरती असे सगळे आहे, पण बेसबॉलला त्यांत जागा नव्हती. १९७१मध्ये टॉम बाहेर पडला. १९७२च्या ऑक्टोबरात बँड संपला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात जायंट्सनी मेजला न्यूयॉर्क मेट्सच्या हवाली केले होते.

बँड मोडला तरी फँटसी रेकॉर्ड्स या कंपनीशी झालेला करार उभा होता. कंपनीचा प्रमुख सॉल झँट्झ. करारानुसार गाण्यांचे हक्क कंपनीकडे होते आणि फोगर्टीने पुढची कित्येक वर्षे ठरावीक संख्येने गाणी देणे बंधनकारक होते. अखेर क्रीडन्सच्या गाण्यांवरची आपली रॉयल्टी सोडून देऊन त्याने सुटका करून घेतली. १९७५च्या अल्बमनंतर दहा वर्षे त्याचा एकही नवा अल्बम आला नाही. हा गायक आवाज शाबूत असताना मैदानाबाहेर बसला होता.

'सेंटरफील्ड' हा अल्बम त्याने १९८४मध्ये सॉसालिटोत ध्वनिमुद्रित केला. सगळी वाद्ये स्वतः वाजवली, सगळे आवाज स्वतःचे. नऊ खेळाडूंच्या खेळावरचे गाणे एकट्याने बनवले, ही यातली मौज. शीर्षकगीत टाळ्यांच्या ठेक्याने सुरू होते आणि मग पन्नासच्या दशकातल्या रॉक अँड रोलची आठवण करून देणारी तीन कॉर्डची गिटार येते. त्यात गुंतागुंत काही नाही. गाण्यातला खेळाडू राखीव बाकावर बसला आहे, त्याने बराच काळ वाट पाहिली आहे आणि तो प्रशिक्षकाला आर्जव करतो की मला आत पाठवा, मी तयार आहे. प्रशिक्षक काय म्हणाला, ते गाण्यात कुठेच येत नाही.

त्याला हवी असलेली जागा नेमकी आहे. बेसबॉलचे मैदान पाव वर्तुळासारखे पसरते. दूरच्या गवतात तीन क्षेत्ररक्षक असतात आणि त्यांतला मधला तो सेंटरफील्डर. क्रिकेटच्या भाषेत सांगायचे तर लाँग-ऑफ आणि लाँग-ऑन यांच्या मधोमध, फलंदाजाच्या अगदी समोर उभा असलेला, पण दोघांचेही काम अंगावर घेणारा माणूस. सर्वाधिक जमीन त्याची. दोघे एकाच झेलाकडे धावले तर बाजूला व्हा असे ओरडण्याचा अधिकार त्याचा. पाय वेगवान लागतात आणि खांदा मजबूत. २९ सप्टेंबर १९५४च्या वर्ल्ड सिरीज सामन्यात पोलो ग्राउंड्सवर विली मेजने फलंदाजाकडे पाठ करून, धावत, खांद्यावरून येणारा चेंडू झेलला, तो याच जागेवरून. बेसबॉलच्या इतिहासात त्याला नुसते 'तो झेल' म्हटले तरी कळते.

गाण्यात मेज, टाय कॉब आणि डिमॅजिओ यांची नावे येतात. तिघेही सेंटरफील्डर. यात सर्वांत प्रसिद्ध असलेला बेब रूथ नाही, कारण तो सेंटरफील्डर नव्हता. फोगर्टीने नावे केवळ यमकासाठी ओढून आणली नाहीत, याचा हा पुरावा समजायला हरकत नाही. अर्नेस्ट थेअरच्या १८८८मधल्या 'केसी अ‍ॅट द बॅट' या विनोदी कवितेतल्या हरलेल्या गावाचाही उल्लेख आहे. आणि चक बेरीच्या १९५६च्या त्या गाण्यातला वाक्प्रयोग जवळजवळ जसाच्या तसा आला आहे. हे उसने घेणे उघड आहे आणि ऋण मान्य करण्यासाठीच केलेले आहे. मेजची जागा आणि बेरीचे शब्द एका गाण्यात बसवून फोगर्टीने १९५०च्या दशकातला तो तुटलेला धागा पुन्हा बांधला. याच अल्बममध्ये एल्विसला वाहिलेले 'बिग ट्रेन (फ्रॉम मेम्फिस)' हे गाणे आहे. 'बिग ट्रेन' हे वॉशिंग्टन सेनेटर्सचा प्रख्यात पिचर वॉल्टर जॉन्सन याचे टोपणनाव होते. बेसबॉल जाणणाऱ्याला ते चटकन आठवते, फोगर्टीच्या मनात असो वा नसो.

गाणे आले तेव्हा फोगर्टी चाळिशीच्या उंबरठ्यावर होता. त्या वयात सेंटरफील्ड मागणे हा अव्यवहारी हट्ट आहे. मेजने १९७३च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, ४२व्या वर्षी, मेट्सकडून तो केला आणि ऑकलंडच्या मैदानात, फोगर्टीच्या घरापासून थोड्या अंतरावर, झेल घेताना तो अडखळून पडला. त्या पडण्याची आठवण बेसबॉलप्रेमी दुःखाने काढतात. फोगर्टीच्या गाण्यात त्याची सावलीही नाही. गाण्याचा निवेदक म्हातारा आहे की कोवळा, हे मुद्दाम अस्पष्ट ठेवले आहे. त्यामुळेच आठ वर्षांचा मुलगाही ते आपले म्हणून गातो. आधीच्या गाण्यांपेक्षा हे वेगळे पडते ते इथेच, कारण यातला सामना अजून सुरू व्हायचा आहे.

व्यावसायिक यश उलट्या क्रमाने आले. अल्बममधले 'द ओल्ड मॅन डाउन द रोड' दहाव्या क्रमांकापर्यंत गेले. 'सेंटरफील्ड' स्वतंत्रपणे ४४व्या क्रमांकावरच थांबले. अल्बम मात्र मार्च १९८५मध्ये बिलबोर्डच्या यादीत पहिला आला. क्रीडन्सच्या एकल गाण्यांना जे कधी जमले नव्हते, ते इथे जमले. त्याच महिन्यात, २५ मार्चला, सॉल झँट्झने निर्मिलेल्या 'अमॅडिअस' चित्रपटाला सर्वोत्तम चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. एवढे यश दोघांच्या पदरात पडल्यावर भांडण मिटायला हवे होते.

ते वाढले. अल्बममधल्या एका गाण्यात पैसे चोरणाऱ्या डुकराला झँट्झशी जुळणारे नाव दिलेले होते. ते नंतर बदलावे लागले. त्याहून विचित्र दावा 'द ओल्ड मॅन डाउन द रोड'वर आला. फँटसीचे म्हणणे असे की हे गाणे १९७०च्या 'रन थ्रू द जंगल'ची नक्कल आहे. जुने गाणेही फोगर्टीचेच, पण हक्क कंपनीकडे. म्हणजे स्वतःचीच चोरी केल्याचा आरोप. १९८८मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयात फोगर्टी साक्षीच्या पिंजऱ्यात गिटार घेऊन बसला, आपली शैली कशी घडते हे वाजवून दाखवले, आणि ज्युरीने त्याच्या बाजूने कौल दिला. वकिलांचा खर्च मिळावा म्हणून त्याने पुढे लढा चालू ठेवला. मार्च १९९४मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की कॉपीराइटच्या दाव्यात जिंकलेला प्रतिवादी आणि जिंकलेला वादी यांना खर्चाबाबत एकच माप लावले पाहिजे. फोगर्टीला अखेर सुमारे साडेतेरा लाख डॉलर मिळाले. हा निकाल आजही कायद्याच्या वर्गांत शिकवला जातो. ज्या अल्बमचे शीर्षकगीत चक बेरीकडून उघडपणे उसने घेते, त्याच अल्बमवर नकलेचा खटला उभा राहिला तो भलत्याच गाण्यासाठी.

दरम्यान गाणे मैदानांवर पसरत होते. १९८८च्या 'बुल डरहॅम' या चित्रपटात ते होते, आणि तो अनेकांच्या मते बेसबॉलवरचा सर्वोत्तम चित्रपट आहे. ध्वनिवर्धक सुधारले, ऑर्गनची जागा ध्वनिमुद्रणांनी घेतली, नव्वदच्या दशकात प्रत्येक खेळाडूला स्वतःचे प्रवेशगीत मिळू लागले. सॅन डिएगोचा ट्रेव्हर हॉफमन मैदानात येताना एसी/डीसी वाजे. यांकीजच्या मारिआनो रिव्हेराबरोबर मेटॅलिका येई. बॉस्टनला नील डायमंडचे 'स्वीट कॅरोलाइन' रूढ झाले, ज्याचा खेळाशी कसलाही संबंध नाही. रॉक आता मैदानाचा भाडेकरू राहिला नव्हता, घरचाच झाला होता. पण या गाण्यांत खेळ नसतो, फक्त आवेश असतो. बेसबॉलविषयी असलेले आणि बेसबॉलच्या मैदानावर नित्य वाजणारे रॉक गाणे शोधायला गेले तर यादी फार लांबत नाही.

२५ जुलै २०१० रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन गावी, बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमच्या सोहळ्यात फोगर्टीने हे गाणे गायले. आंद्रे डॉसन, व्हाइटी हर्झॉग आणि पंच डग हार्वी यांना त्या दिवशी सन्मानाने दाखल करून घेतले गेले. डॉसनने कारकिर्दीचा आरंभीचा काळ माँट्रिऑलमध्ये सेंटरफील्डर म्हणून घालवला होता. गाण्याला पंचवीस वर्षे झाल्याचे निमित्त होते, आणि एखाद्या गायकाचा आणि गाण्याचा असा गौरव त्या सोहळ्यात पहिल्यांदाच झाला. फोगर्टीच्या हातातली गिटार बेसबॉलच्या बॅटच्या आकाराची होती. ती त्याने संग्रहालयाला दिली. दागिना म्हणून ती थोडी भडक आहे, पण कूपर्सटाउनचे संग्रहालय अशाच वस्तूंनी भरलेले आहे.

टीकाकारांच्या दृष्टीने 'सेंटरफील्ड' हे फोगर्टीचे सर्वोत्तम गाणे नाही, आणि हे मत योग्यच आहे. 'फॉर्च्युनेट सन'चा संताप त्यात नाही आणि क्रीडन्सच्या चांगल्या गाण्यांतले ते दबलेले भयही नाही. बेसबॉलच्या इतिहासातल्या वर्णभेदाचाही ते उच्चार करत नाही. मेज आणि कॉब एकाच दमात येतात, जणू त्यांच्या पिढ्यांमध्ये बंद दार कधी नव्हतेच. त्या दाराची आठवण असलीच तर बेरीकडून घेतलेल्या शब्दांत आहे, आणि ती मूळ गाणे ठाऊक असणाऱ्यालाच लागते.

हक्कांच्या बाबतीत हे गाणे सुरुवातीपासून सुखरूप राहिले. ते फँटसीच्या कराराबाहेरचे असल्याने त्याचे प्रकाशन फोगर्टीच्या स्वतःच्या कंपनीकडून झाले. अमेरिकेतली मैदाने गाणी वाजवण्यासाठी हक्क-संस्थांना वार्षिक शुल्क भरतात, त्यातला वाटा थेट त्याच्याकडे जातो. क्रीडन्सच्या गाण्यांसाठी मात्र त्याला थांबावे लागले. २००४मध्ये फँटसी काँकॉर्डने विकत घेतली, २०१४मध्ये झँट्झ वारला, आणि जानेवारी २०२३मध्ये, वयाच्या ७७व्या वर्षी, फोगर्टीने त्या गाण्यांच्या जागतिक प्रकाशन-हक्कांतला बहुसंख्य वाटा काँकॉर्डकडून खरेदी केला. पुढच्या वर्षी १८ जूनला विली मेज ९३व्या वर्षी गेला.